शेवटचा घाणा

पत्र:

ताई, माझं माहेर गारगोटीजवळचं, शेतकरी घर. सासर कोल्हापुरातलं, चार पिढ्यांचं मराठी ख्रिस्ती. लग्नाला दहा वर्षं झाली. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेचारचा. आजवर नाताळचं सगळं सासूबाई बघायच्या, मी फक्त हाताखाली. गेल्या फेब्रुवारीत त्या गेल्या. यंदा २४ तारखेची रात्र माझ्यावर आलीय आणि काही सुचत नाही. मोबाईलवर बघावं तर ख्रिसमस ईव्ह बॉक्स, सगळ्या घराला एकसारखे नाइट सूट, सांतासाठी कुकीज, कपाटावर बसवायची बाहुली. हिशेब केला तर पाच-सहा हजारांच्या घरात जातं. मिस्टर म्हणतात, "केक आणू, चर्चला जाऊ, झालं." आई म्हणते, "आपल्यात कुठं असतं हे?" त्यात मुलीला शाळेत कुणीतरी सांगितलंय की सांता-बिंता काही नसतो, ती मला रोज विचारते. धाकटा मात्र सांताला दूध ठेवायचं म्हणून आत्तापासून हटून बसलाय. सासूबाईंचा काही थाटमाट नसायचा. फराळ करायच्या, शेवटच्या घाण्यातली गरम करंजी पोरांच्या हातावर ठेवायच्या, नवे कपडे घडी करून त्यांच्या उशाशी ठेवायच्या, एवढंच. मुलांच्या लक्षात राहील असं मी काय करू?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी शेवटाकडच्या एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ ओढली. 'एवढंच' म्हणून तुम्ही जे सोडून दिलंत ना, त्याच्यासाठीच बाकीचे लोक पाच-सहा हजार मोजतायत. त्या ख्रिसमस ईव्ह बॉक्समध्ये तरी काय असतं हो? रात्री घालायचे नवे कपडे, काहीतरी गरम प्यायला, एखादं पुस्तक, आणि वरून लाल फीत. तुमच्या सासूबाईंनी खोका आणि फीत वगळली आणि कोकोच्या जागी करंजी दिली. तुमच्या घरची परंपरा आहे ती, नवी शोधायची गरजच नाही. फक्त ती करणारं माणूस गेलंय.

पोरांना आज्जीच्या हातची चव आठवत असेलच, पण त्याहून त्यांना ती वेळ आठवत असणार. घाणा निघेपर्यंत ओट्याच्या टोकाला ताटकळत उभं राहायचं. कढईत तेल फसफसतंय, 'लांब हो, अंगावर उडंल' म्हणून ओरडा बसतोय. मग झाऱ्यातून कागदावर करंजी उतरते, कागदाला तेलाचा डाग पडतो, आणि कितीही फुंकर मारली तरी पहिल्या घासाला आतलं सारण जीभ भाजतंच. या रात्रीचं सगळं मर्म मला त्या ताटकळण्यात दिसतं. सण उद्या असतो, आजची रात्र वाट बघायची.

जगभरात जिथंजिथं मुलांसाठी या रात्रीचे रिवाज पडलेत, तिथं ते असे ताटकळत ठेवणारेच आहेत. पोलंडमध्ये आकाशात पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसत नाहीत, म्हणून पोरं दिवस मावळायच्या आधीपासून खिडकीला नाक लावून. जर्मनीत कितीतरी घरांत झाडाच्या खोलीचं दार लावून घेतात आणि आतून घंटा किणकिणली की मगच उघडतात. आइसलँडमध्ये तर तेरा रात्री आधी सुरुवात होते. तेरा खोडकर भाऊ, रोज एकेक डोंगरावरून उतरतो. पोरं खिडकीत बूट ठेवतात, आणि दिवसा वांडपणा केला असेल तर सकाळी बुटात बटाटा निघतो! त्याच आइसलँडमध्ये २४ तारखेच्या रात्री पुस्तकं भेट देतात आणि माणसं ती घेऊन अंथरुणात शिरतात. मला यातलं पुस्तक फार आवडतं. विकत घ्यायलाच हवं असं नाही. १८५० सालापासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आपल्या गावात आहे, तिथून आणलेलं पुस्तकही उशाशी ठेवता येतं.

आता कामाचं. या आठवड्यातच एखाद्या रात्री वही-पेन घेऊन दोन्ही पोरांना पुढ्यात बसवा आणि विचारा, "आज्जी नाताळच्या आदल्या दिवशी काय काय करायची?" मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका. तुम्ही हाताखाली होता म्हणजे तुम्ही ओट्यापाशी होता. पोरं खाली होती, टेबलाच्या उंचीवर. त्यांनी जे बघितलं ते तुम्ही बघितलंच नसेल. पोरगी म्हणेल, आज्जी मला कणकेचा चिमणीएवढा गोळा द्यायची. धाकटा म्हणेल, ती कातण्यानं कापलेले तुकडे मलाच द्यायची. जे निघेल ते लिहा, आणि त्यातलं जे दोघंही सांगतील ते यंदा चुकवू नका. पोरं काही खोटंही सांगतील, आज्जी आम्हाला आइस्क्रीम द्यायची वगैरे. असूदे, तेही लिहा.

मग मिस्टर. त्यांच्या त्या 'झालं' मध्ये मला आळस दिसला नाही. आई जाऊन वर्ष व्हायचंय. तुमच्या माहेरी अशा वर्षी सण साधेपणानं करायची रीत असेल, म्हणजे दुःखाला निदान एक चौकट मिळते. त्यांच्याकडं तसं सुतक नाही, पण त्या ओट्याकडं बघवत नसणार. त्यांना 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारू नका, सरळ काम द्या. मटणाच्या पातेल्यापाशी कोल्हापूरचा गडी कसा कुणाला फिरकू देत नाही. तोच करंजी तळायची म्हटली की पेपर घेऊन बाहेर जातो. यंदा शेवटचा घाणा त्यांनी काढायचा, झारा त्यांच्या हातात. करंज्या फुटल्या तर फुटल्या. पोरांना बापाची फुटकी करंजी जास्त लक्षात राहते, हे मी माझ्या घरी बघितलंय.

तुम्ही पत्रात गोठ्याबद्दल, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याबद्दल, काही लिहिलं नाही, म्हणून समजते की सासूबाई तो करत नव्हत्या. मी तुमच्या जागी असते तर जुन्याच्या जोडीला एवढी एक नवी गोष्ट घेतली असती, कारण ती करायची सगळी जोडणी कोल्हापूरच्या पोरांना आधीच येते. दिवाळीत किल्ला केला होता ना? त्याची माती अजून कोपऱ्यात पडली असेल. तीच भिजवा. किल्ल्यावर जसा हळीव पेरतात तसा गहू पेरायचा, १५ तारखेच्या सुमाराला, म्हणजे २४ पर्यंत बोटभर हिरवा होतो. फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये ४ डिसेंबरलाच बशीत गहू पेरतात आणि नाताळला ती हिरवी बशी टेबलावर येते. तुमच्या आईंना हे सांगा. घटाला नऊ दिवस धान्य उगवताना त्यांनी जन्मभर बघितलंय, त्यांना त्यात परकं काही वाटायचं नाही. आणि धाकट्याला रोज सकाळी वाटीभर पाणी घालायचं काम. 'किती झोपा राहिल्या' हे त्याला बोटावर मोजून कळत नाही, पण गव्हाकडं बघून कळतं.

गोठ्यात जनावरं कोणती? बेंदराला आणलेली मातीची बैलजोडी माळ्यावर असेल तर तीच उतरवा. म्हैस मिळाली तर म्हैस. कुणी शहाण्यानं हरकत घेतली तर खुशाल सांगा की लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात बैल, गाढव यातलं कुणाचंच नाव नाही, नुसती गव्हाण आहे. जनावरं नंतरच्या लोकांनी आणली. इटलीतल्या ग्रेचो गावात १२२३ साली संत फ्रान्सिसनं जिवंत बैल आणि गाढव उभं करून हा देखावा मांडला, तिथून त्याची मोठी चाल पडली. कोल्हापूरच्या गोठ्यात म्हैस नसेल तर तो गोठा कसला!

मेंढपाळ म्हणून किल्ल्यावरचे मावळे चालतील, पण त्यांच्या हातातल्या तलवारी काढून काठ्या द्या. आणि खांद्यावर काळ्या लोकरीची चिंधी टाकली की झालं घोंगडं. कागलकडं जाताना शेतात मेंढरं बसवलेली दिसतात, धनगर रात्रभर तळावर जागा असतो, कुत्री भुंकत असतात. पोरांना एकदा ते दाखवा. रानात रात्री कळप राखणाऱ्या माणसांना पहिली बातमी मिळाली, ही गोष्ट मग पोरांना कुठल्या परक्या देशाची वाटत नाही. मागी लोकांची, म्हणजे बाळाला भेटी घेऊन आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी माणसांची, मात्र घाई करू नका. ते मत्तयाच्या शुभवर्तमानातले, आणि किती होते हा आकडाही तिथं नाही. तीन हे आपण भेटींवरून धरलं. त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला, फ्रिजवर वगैरे ठेवा, आणि रोज हातभर पुढं सरकवत ६ जानेवारीला गोठ्यात पोचवा. पोरांना हा उद्योग भारी आवडतो, आणि नाताळ एका दिवसात संपत नाही.

आता एक गोष्ट जरा हळू वाचा. गव्हाण २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची. पुष्कळ घरांत अशी रीत आहे, बाळ शेवटी येतं. त्या गव्हाणीत घालायला भाताचं पिंजर लागेल, मूठभर. ते आणायचं काम तुमच्या आईंचं. भुदरगडात भाताच्या पिंजराला काय तोटा? "आपल्यात कुठं असतं हे" म्हणणाऱ्या बाईला तिच्या स्वतःच्या गोठ्यातलं पिंजर घेऊन बोलवा, बघा ती काय म्हणते. येताना चार लाडूही आणेल. आणि बाळाला गुंडाळायला फडकं लागेल. मराठी बायबलात शब्द काय सुंदर आहे, 'बाळंतं'. आपल्याकडं बाळंतं नव्या कापडाचं करतच नाहीत, धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचं करतात. सासूबाईंची एखादी विटलेली सुती साडी कपाटात असेल. तिच्या काठाकडचा हातरुमालाएवढा तुकडा मिस्टरांना फाडू द्या. कात्री नको, दातानं चीर पाडून हातानं फाडायचा, तसाच फाडतात तो. मुलीनं त्यात बाळ गुंडाळायचं, धाकट्यानं ठेवायचं. नंतर तो तुकडा बाळासकट डब्यात, पुढच्या वर्षासाठी.

तेव्हाच मिस्टरांनी लूकचा दुसरा अध्याय वाचायचा, पहिली वीस वचनं. पाच मिनिटंही लागत नाहीत. धाकटा मध्येच उठेल, म्हशीशी खेळेल. वाचणं थांबवू नका आणि त्याला दटावूही नका.

सांताकडं येते. मुलगी आठ वर्षांची आहे आणि रोज विचारतेय, म्हणजे तिला उत्तर माहीत आहे. ती फक्त बघतेय की आई खरं बोलते का. एकदा तिला उलट विचारा, "तुला काय वाटतं?" त्यानंतरही तिनं डोळ्याला डोळा लावून विचारलं तर खरं सांगा. आणि लगेच त्या माणसाची गोष्टही सांगा, कारण माणूस होता. निकोलस, चौथ्या शतकातला, आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचा बिशप. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यावाचून अडली होती, तर यानं रात्री खिडकीतून सोन्याची पुरचुंडी आत टाकली, अशी त्याची आख्यायिका. हुंड्यापायी अडलेली लग्नं आपल्या पोरींना समजावून सांगावी लागत नाहीत, दुर्दैवानं. त्याचा सण ६ डिसेंबरला. हॉलंडमधली पोरं त्याच्या आधीच्या दिवसांत संध्याकाळी बूट काढून ठेवतात आणि त्याच्या घोड्यासाठी आत गाजर घालतात. घोड्याचे आठ रेनडियर झाले ते अमेरिकेत, १८२३ साली एका वर्तमानपत्रात छापलेल्या कवितेत. आणि आता १९५५ पासून तिथलं हवाई संरक्षण खातं दर २४ डिसेंबरला सांता कुठवर आला त्याचा माग जाहीर करतं, हल्ली तो मोबाईलवर दिसतो. धाकट्याला दाखवायचा तर पाच मिनिटं दाखवा आणि मोबाईल कपाटात टाका, नाहीतर सगळी रात्र तोच खाऊन टाकतो.

मुलीला सांगा, पुरचुंडी टाकणारं कुणीतरी लागतं, यंदापासून तू टाकणाऱ्यांच्यात. भावाच्या पायताणात काय ठेवायचं ते तिनं ठरवायचं, शंभर रुपयांच्या आत. हो, पायताणच. आपल्याकडं मोजे कोण टांगतंय? कोल्हापुरात राहून लोकरीचा मोजा शोधत फिरायचं म्हणजे चप्पल लाइनचा अपमान आहे. फक्त ते दाराबाहेर ठेवू नका, गल्लीतली कुत्री एकच पाय पळवतात आणि सकाळी नाताळच्या आधी शोधमोहीम निघते. तिच्यावर भावाशी खोटं बोलायची सक्ती मात्र नको. त्यानं विचारलं तर "आईला विचार" म्हणायचं, बास.

धाकट्याला दूध ठेवू द्या. साडेचार वर्षांच्या पोराला मावळा मातीचा आहे हे ठाऊक असतं, तरी तो लढाई लढतोच. सांताही तसाच. त्याला फसवतोय असं मनाला लावून घेऊ नका. एकच करू नका, 'सांता बघतोय हं, गिफ्ट देणार नाही'. कपाटावर बसून पोरांवर नजर ठेवणारी ती बाहुली मला याचसाठी आवडत नाही. पोरांवर नजर ठेवायला कोल्हापुरात शेजारपाजार काय कमी आहे? आणि मोठी भेट, सायकल वगैरे द्यायची असेल तर ती आईबापाच्या नावानं द्या. सांताच्या नावावर पेन्सिलींचा डबा, शेंगदाण्याची चिक्की, एवढंच. त्याच्या वर्गात ज्याला काहीच मिळालं नाही असं एखादं पोर असतंच, आणि ते घरी जाऊन आईला विचारतं की सांता आपल्या गल्लीत का येत नाही.

दुधावर ताटली झाका, हे अनुभवानं सांगते. माझ्या मुलानं एका वर्षी हट्टानं पितळेच्या पेल्यात दूध ठेवलं, गंगावेशीतून आणलेलं. त्याचं म्हणणं, सांता कोल्हापुरात येतोय तर त्याला पिशवीचं दूध कसं द्यायचं, समोर धार काढलेलं म्हशीचंच पाहिजे. मला ते इतकं पटलं की मीच रिक्षानं गेले. रात्री बोक्यानं पेला पालथा केला, दूध गालिच्यावर, सकाळी मुंग्यांची रांग पार मोरीपर्यंत. पोरगं मात्र खूश. सांता घाईत होता म्हणून सांडलं, असं त्यानं शाळेत सांगितलं.

सगळ्यात जास्त मला सांगायचंय ते ताटांबद्दल. मी शाहूपुरीत वाढले. आमच्या समोर एक ख्रिस्ती मावशी राहायच्या, मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. दिवाळीला आमचं ताट त्यांच्याकडं जायचं, नाताळला त्यांचं आमच्याकडं यायचं. २४ ला दिवेलागणीला त्यांची दोन पोरं ताट घेऊन जिना चढायची, मोठ्याच्या हातात ताट, धाकटीच्या हातात काहीच नाही, पण ती पुढं. ताटावर क्रोशाचा पांढरा रुमाल. रुमाल उचलला की करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, आणि मध्ये केकचा चौकोनी तुकडा बटर पेपरमध्ये. त्यांची चकली आमच्या आईच्या चकलीपेक्षा कुरकुरीत असायची. आई होती तोवर हे मी बोलले नाही. ताट रिकामं परत द्यायचं नसतं, म्हणून आई त्यात वाटीभर तांदूळ नाहीतर गुळाचा खडा ठेवायची. त्या दिवसांत गुऱ्हाळं चालू असतात, गूळ नवा असतो. ती पोरं जिन्यातच गूळ फोडून खायची, आम्हाला आवाज ऐकू यायचा.

तुमच्या पोरांना हे काम द्या. पाच घरं पुरेत. कुणाला द्यायचं ते त्यांना ठरवू द्या, एक घर तुम्ही ठरवा: जिथं माणूस एकटं आहे. पोलंडमध्ये त्या रात्री जेवणाच्या टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात, अचानक कुणी आलं तर म्हणून. तुमच्या चर्चमध्ये केरळच्या नर्स मुली येत असतील, २४ ला ड्यूटी संपवून हॉस्टेलवर एकट्या पडणाऱ्या. त्यातल्या एकीला जेवायला बोलवा. सासूबाईंची जागा भरायची म्हणून नव्हे, पण त्या खुर्चीकडं पहिल्या वर्षी सगळ्यांची नजर जाणार आहे, तिथं कुणीतरी हसणारं बसलेलं बरं. जेवायला मुगाची खिचडी, पापड, दही. मटण उद्याचं उद्या. २४ ला तुम्ही ओट्याशी अडकलात तर पोरांना तुमची पाठच आठवेल.

वेळेचं म्हणाल तर या दिवसांत कोल्हापुरात सहाच्या सुमाराला दिवस मावळतो. ताटं तेव्हाच पोचती करा. दारावर चांदणी लावत असाल, म्हणजे कंदील, तर तिचं बटण धाकट्यानं दाबायचं, आणि पुढं तो मोठा झाला तरी त्यानंच. आठच्या आत सगळ्यांनी गच्चीवर जा, स्वेटर घालून. पूर्वेला मृग नक्षत्र वर आलेलं असतं. त्याच्या पोटातला बाण, ते सरळ रेषेतले तीन तारे, काही देशांत तीन राजे म्हणून ओळखले जातात. तुमच्या आईंना तो बाण शेतावरून माहीत असणार, त्यांनाच दाखवू द्या. मग खाली, खिचडी, शेवटचा घाणा, गव्हाण, वाचन, झोप. रात्रीच्या उपासनेला धाकट्याला ओढून नेऊ नका, तो रडेल आणि तुम्ही बाहेरच उभ्या राहाल. मुलीला न्या. 'आठ पूर्ण झाली की रात्री चर्चला' असा घरचा नियमच करा. धाकटा साडेतीन वर्षं चिडेल आणि मग ज्या रात्री जाईल ती रात्र कधी विसरणार नाही. त्याच्याजवळ झोपायला आजी आहेच, गारगोटीची.

आईंच्या म्हणण्याला तुम्ही उत्तर शोधू नका, वाद घालू नका. मनात असू द्या इतकंच: रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले १८५२ साली, वाइल्डर मेमोरियल चर्चला नाव त्यांचं. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज, पण ख्रिस्ताची कथा फादर स्टीफन्सनी मराठी ओव्यांत रचली आणि ती १६१६ साली छापली गेली. शिवाजी महाराजांच्या जन्माच्या आधीची गोष्ट ही. चारशे वर्षांत जे ओवीत आणि करंजीत शिरलं ते आपल्यातलं की परक्यातलं हे गारगोटीच्या बाईनं ठरवावं, पण आधी सारण खाऊन.

सारणाचं मात्र लगेच बघा. सासूबाई त्यात काय घालायच्या हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला शंका आहे की तुम्हाला नेमकं माहीत नाही. सुकं खोबरं की ओलं, खसखस भाजून की तशीच, साखर की गूळ. वहीत सापडलं नाही तर मिस्टरांच्या बहिणीला किंवा मावशीला फोन करा, आजच करा, २४ ला नको. आणि पहिला घाणा दहा दिवस आधी, एखाद्या रविवारी, नुसता करून बघा. पोरांना चाखायला द्या. "आज्जीची अशी नव्हती" असं म्हणाली की विचारा, मग कशी होती, आणि पुन्हा एकदा पीठ भिजवा.